कॅसल शिखरावरची बाई

पाइन फोर्ड, आयडाहो
३ एप्रिल १९८७

आत्या,

आधी खुर्ची ओढून बस, मग वाच. तुझ्या गळ्यात मी एक काम मारते आहे आणि तू नाही म्हणणार हे मला आत्ताच दिसतंय.

गावच्या म्युझियमला अखेर जागा मिळाली. मर्लचं कॅफे आठवतं ना? ते कधीच बंद पडलं. ती इमारत गावाने आम्हाला दिली. रस्त्याकडची मोठी खिडकी, बाहेरचा लाकडी बाक, सगळं तसंच आहे, फक्त तळणाचा वास गेला. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी तिथेच पडीक असते. मुलं लांब, घरी वाट बघणारं कुणी नाही, मग दिवस कुठेतरी घालवायलाच हवा.

आता मुद्दा. चौकातल्या पाटीवर लिहिलंय की चव्वेचाळीसचा वणवा रेंजर एव्हरेट क्रोल यांनी प्रथम पाहिला आणि गाव वाचवलं. त्या पाटीपुढून जाताना बाबा दर वेळी पुटपुटायचे, "क्रोल ऑफिसात पाय पसरून बसला होता. डोंगरावर माझी बहीण होती." आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. मी तेव्हा चौदा वर्षांची, ओली गोणपाटं छपरावर टाकत होते. माझी आत्या वर डोंगरावर एकटी टेहळणीच्या मनोऱ्यात बसून हे सगळं बघते आहे, याचा मला केवढा तोरा होता.

कमिटीशी भांडून मी नवी पाटी मंजूर करून घेतली आहे. पुरुष युद्धावर गेले तेव्हा डोंगरांवर बसून जंगल राखणाऱ्या बायकांची पाटी, आणि सगळ्यात वर तुझं नाव: वणवा प्रथम पाहिला तो हल्डा एंगस्ट्रॉम यांनी. सप्टेंबरात समारंभ आहे. पहिल्या रांगेतली खुर्ची तुझी. बसचं तिकीट मी पाठवते.

तुझी
लॉर्ना


अस्टोरिया, ओरेगन
१४ एप्रिल १९८७

लॉर्ना,

तुझ्या बापाला प्रत्येक गोष्टीला फोडणी द्यायची सवय होती. तू शिक्षिका होऊनही तीच उचललीस.

माझं नाव लावू नकोस. ते क्रोलच्या नावाइतकंच खोटं होईल. तू एवढी शिकलेली, पण एका मनोऱ्यावरून वणवा सापडत नाही हे तुला कुणी सांगितलं नाही वाटतं. मनोऱ्यात मधोमध गोल नकाशा असतो, त्यावर फिरती पट्टी. धूर दिसला की पट्टी तिकडे वळवायची आणि दिशा सांगायची. बस, इतकंच. धूर या घळीत आहे की मागच्या चौथ्या घळीत, ते एका माणसाला कळत नाही. दुसऱ्या शिखरावरूनही कुणाला तरी आपली रेघ सांगावी लागते. दोन रेघा जिथे एकमेकींना कापतील तिथे आग. मी बाल्डी शिखरावर होते. दुसरी रेघ कॅसल शिखरावरच्या बाईची. ती नसती तर मंडळी भलत्याच घळीत फावडी घेऊन गेली असती आणि तुझी गोणपाटं काही कामाची नव्हती.

तेव्हा तिचं नाव लाव, मग खाली माझं लाव. अडचण एकच आहे, तिचं नाव मला ठाऊक नाही.

हसू नकोस. दोन उन्हाळे आम्ही रोज बोललो. पण फोनच्या त्या एका तारेवर सगळं जंगल कान लावून बसायचं, आणि नियम असा की नाव घ्यायचं नाही, शिखराचं नाव घ्यायचं. मी बाल्डी, म्हणजे टकली. ती कॅसल, म्हणजे किल्ला. यावरून तिने माझी भरपूर चेष्टा केली. सकाळी आरशाने एकमेकींवर कवडसा पाडायचा, तीन वेळा, म्हणजे मी आहे, ठीक आहे. संध्याकाळी ती विचारायची, "बाल्डी, काय दिसतंय?" मी म्हणायचे, "काही नाही." काम तिथे संपायचं. पण फोन आम्ही दोघीही ठेवायचो नाही. नुसता तारेतला वारा ऐकत बसायचो. इतक्या शांतपणे मी कधीच कुणाजवळ बसलेली नाही, माझ्या नवऱ्याजवळ, नील्सजवळसुद्धा नाही.

तिकीट पाठवू नकोस.

हल्डा आत्या


पाइन फोर्ड
२५ एप्रिल १९८७

आत्या,

तू मला एक नकार पाठवलास आणि त्याच्या पोटात एक गोष्ट. आता मी गप्प बसेन होय?

कमिटीला सांगितलं की पाटीवर दोन नावं येणार आणि त्यातलं एक अजून सापडायचंय. अध्यक्ष म्हणाले, "लॉर्नाबाई, एक नाव हातात आहे ते लावा ना. हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला?" मी म्हटलं, "माझी आत्या म्हणते एका रेघेने काही सापडत नाही." त्यांना काही कळलं नाही, पण मान डोलावली.

मग नंतर तुम्ही कधीच भेटला नाहीत? दोन उन्हाळे रोज बोलायचं आणि डोंगर उतरल्यावर नावही विचारायचं नाही, हे मला पटत नाही. तू काहीतरी गाळलंस. मी मुलांच्या वह्या तपासण्यात जन्म घालवलाय, गाळलेली ओळ मला लगेच दिसते.

लॉर्ना


अस्टोरिया
९ मे १९८७

लॉर्ना,

ठरलं होतं भेटायचं. नावं भेटल्यावरच सांगायची, अशी आमची बोली होती. हंगाम संपला की पहिल्या शनिवारी मर्लच्या कॅफेत, खिडकीजवळच्या टेबलाशी. मी हकलबेरी पाय, डोंगरातल्या जांभळ्या फळांचा तो भाजलेला गोड पदार्थ, मागवून ठेवायचा, म्हणजे तिला ओळख पटेल.

मी धुतलेला निळा झगा घातला होता. दोन बशा मागवल्या. दार वाजलं की मान वर करायची, तर कुणी मेंढपाळ नाहीतर रजेवरचा सैनिक. तिला मी मनात केव्हाच रंगवून ठेवली होती, उंच, सोनेरी केसांची, आमच्यातलीच कुणी. तशी एकही बाई आली नाही. बाहेर बाकावर एक बाई दुपारभर मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. तिचंही कुणी आलं नाही, असं मला वाटून गेलं.

दुपार कलली. माझं लक्ष दाराकडे आणि समोरून कुठूनतरी उन्हाची तिरीप सारखी गालावर, डोळ्यांवर येत होती. रस्त्यात ट्रक उभे होते, त्यांच्या काचेची असेल. आधीच रडू येत होतं, त्यात ते. वेट्रेसला सांगून पडदा ओढायला लावला. मग दोन्ही बशा मीच संपवल्या, कारण टाकून जायची लाज वाटली. शेवटच्या बसने घरी आले.

पुढच्याच महिन्यात नील्स लढाईत गेल्याची तार आली. मी इथे समुद्रावर निघून आले आणि मासळीच्या कारखान्यात लागले. इथे डोंगर नाही, आणि धुक्यामुळे समुद्रही धड दिसत नाही. तो गेला त्याचं दुःख सगळ्यांनी माझ्याबरोबर केलं. ती आली नाही त्याचं मी कुणाला सांगितलंच नाही. काय सांगणार? जिचं नाव ठाऊक नाही अशा बाईने मला टाकलं?

तुला गाळलेली ओळ हवी होती, मिळाली. आता पुरे.

हल्डा आत्या


पाइन फोर्ड
२० जून १९८७

आत्या,

उशीर झाला, रागावू नकोस.

ओटिस बीचर नावाचे एक म्हातारे आहेत. ते खेचरांवरून मनोऱ्यांना पीठ, कॉफी, रॉकेल पोचवायचे. तुलाही पोचवत असतील. ते वृद्धाश्रमात आहेत. मी विचारलं, "कॅसलवर कोण होतं?" त्यांनी एका दमात नाव सांगितलं. मी म्हटलं, "इतकी वर्षं बोलला का नाहीत?" म्हणाले, "कुणी विचारलंच नाही, पोरी."

अ‍ॅडलाइन स्टीफन्स. तिचं नाव अ‍ॅडलाइन स्टीफन्स, आत्या. ती जिवंत आहे. नदीच्या वरच्या अंगाला राहते. मी भेटून आले. नाव पाटीवर लावायला तिची हरकत नाही. तब्येतीमुळे समारंभाला यायचं मात्र तिला जमणार नाही.

इथे ऊन फार वाढलंय.

लॉर्ना


अस्टोरिया
२९ जून १९८७

लॉर्ना,

अ‍ॅडलाइन. दिवसभर मोठ्याने म्हणून बघितलं.

पण तू मला उन्हाच्या गोष्टी कधीपासून सांगायला लागलीस? एका ओळीत भेटून आलीस आणि दुसऱ्या ओळीत तब्येत. ती कशी दिसते, काय म्हणाली, माझं नाव काढलं का, काही नाही. तू बाजारातून आलीस तरी दोन पानं लिहितेस. वह्या मीही तपासू शकते.

ती का आली नाही, हे तू विचारलंस. तुला ते कळलंय. मी एकाहत्तर वर्षांची आहे, उत्तर वाईट असलं तर ते सोसायलाही फार वर्षं उरलेली नाहीत. लिही.

हल्डा आत्या


पाइन फोर्ड
१२ जुलै १९८७

आत्या,

ती आली होती.

अ‍ॅडलाइन नेझ पर्स जमातीची आहे. राखीव वस्तीवर राहते, नातवाबरोबर. मी गेले तेव्हा ओसरीवर बसून सॅमन मासा कापत होती. हात थांबवले नाहीत. म्हणाली, "सरकारी का तू?"

"नाही हो, मी म्युझियमची."

"म्हणजे मेलेल्यांची."

"जिवंतांचीही, जमलं तर."

"मग बस. त्या बाजूला, तिकडे माश्या कमी आहेत."

मी बाल्डीचं नाव काढलं. सुरी थांबली. मग तिने सगळं सांगितलं, खाली मान घालून, माशाशी बोलावं तसं.

मर्लच्या दाराला एक पाटी होती, आत्या. कुत्र्यांना आणि इंडियनांना प्रवेश नाही. इथल्या मूळच्या माणसांना तेव्हा सगळे इंडियनच म्हणायचे. पाटी मलाही आठवते, मी शाळा सुटल्यावर तिच्याखालून आत जाऊन मिल्कशेक पीत असे. अ‍ॅडलाइनला ती आधीपासून ठाऊक होती. "मग फोनवर दुसरी जागा का नाही सुचवलीत?" मी विचारलं. ती म्हणाली, "तारेवर मी कॅसल होते. जागा बदल म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. मग पुन्हा मी तीच झाले असते, जी खाली असते."

म्हणून ती बाहेरच्या बाकावर बसली. खिडकीत निळ्या झग्यातली बाई, पुढ्यात दोन बशा. तिने तुला पहिल्या नजरेत ओळखलं. तू बाहेर येशील म्हणून वाट पाहिली. मग ऊन खाली आल्यावर पिशवीतून आरसा काढला आणि तुझ्यावर कवडसा पाडला. तीन वेळा. थांबून पुन्हा तीन वेळा.

आणि तू पडदा ओढून घेतलास.

तिला वाटलं, तू पाहिलंस, कोण आहे ते तुला कळलं आणि म्हणून पडदा ओढलास. आजही ती तेच समजून आहे. मी म्हटलं तसं नव्हतं, तर म्हणाली, "तू तिच्या घरातली, तू दुसरं काय म्हणणार?" निघताना तिने मासा बांधून दिला. मी गाडीत बसून खूप रडले. तुला हे कसं लिहू, म्हणून तब्येतीचं खोटं लिहिलं.

लॉर्ना


अस्टोरिया
५ ऑगस्ट १९८७

अ‍ॅडलाइन,

मी बाल्डी. माझं नाव हल्डा. तुझा पत्ता लॉर्नाने दिला.

आठ वेळा लिहून फाडलं. तुझा कवडसा मला कळला नाही. माझे डोळे दाराकडे लागले होते, तू दारातून येणार म्हणून. ट्रकची काच चमकते आहे असं मी समजले. दोन उन्हाळे रोज सकाळी ज्या उजेडाची वाट पाहिली, तो चार हातांवरून आला आणि मी पडदा ओढायला लावला. हे तुला खरं वाटलं तर वाटो.

ती पाटी मी पाहिलीच नव्हती, असं आधी लिहिलं होतं. तो कागद फाडला. पाटी मला दिसायची. ती कुणाला अडवते याचा विचार करायची पाळी माझ्यावर कधी आली नाही. बाकावर बसलेली तू मला दिसली होतीस. आपली मैत्रीण तू असशील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पडद्यापेक्षा मला आता याचीच जास्त लाज वाटते.

मला वाटत होतं तू आलीच नाहीस. तुझी आठवण मी रागाने जपली, पण जपली. संध्याकाळ झाली की अजून वाटतं कुणीतरी विचारावं, काय दिसतंय.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

हल्डा


पाइन फोर्ड
२४ ऑगस्ट १९८७

आत्या,

अजून काही नाही. तिच्या नातवाला दुकानात भेटले. म्हणाला, "आजीने पत्र वाचलं. ते पिठाच्या डब्याखाली ठेवलंय." त्याला एवढंच विचारायला आजीने सांगितलं होतं की कॅफेबाहेरचा तो बाक अजून आहे का. मी म्हटलं, आहे.

पाटीचं काम चालू आहे. तू ये किंवा नको येऊस, मी आता ओढाताण करणार नाही.

लॉर्ना


नदीकाठ
३० ऑगस्ट १९८७

बाल्डी,

पत्र मिळालं. माझा नातू म्हणतो तू खरं लिहिलंयस. मी अजून ठरवलेलं नाही.

तू पडदा ओढलास ते मी पाहिलं. त्या पडद्यामागे मी त्रेचाळीस वर्षं तुझं तोंड कल्पून ठेवलं, नाक मुरडलेलं. एका पत्राने ते तोंड पुसलं जात नाही. त्यानंतर मी पुन्हा डोंगरावर गेले नाही. काम मला आवडत होतं. पगारासाठी नव्हे, वर मला कुणी बघत नव्हतं म्हणून. फक्त ऐकत होतं.

पाटीवर माझं नाव लावणार असतील तर पूर्ण लावा आणि माझ्या लोकांचं नावही लावा. त्या दारातून मात्र मी आत येणार नाही. तेव्हा येऊ दिलं नाही, आता बोलावतात म्हणून जायचं, एवढी मी हलकी नाही.

मी बाहेर बाकावर बसेन. तू काय करायचं ते तू बघ.

कॅसल


अस्टोरिया
२७ सप्टेंबर १९८७

लॉर्ना,

पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी ठेवून तुझी फजिती केली, त्याबद्दल रागावली असशील. अध्यक्षांचा चेहरा मला बाहेरच्या बाकावरून, खिडकीतून दिसत होता. लोक टाळ्या वाजवत होते तेही ऐकू आलं. चांगल्या दणकून वाजवल्या. नावं तू नीट वाचलीस, तिच्या लोकांचं नावही. ती म्हणाली, "तुझ्या भाचीचा आवाज मोठा आहे. वणव्याला उपयोगी पडला असता."

आम्ही कशा भेटलो ते तुला हवं असेल. फार काही झालं नाही. मी बसमधून उतरले, ती बाकावर होती. ठेंगणी आहे, केस पांढरे, हातात तीच का दुसरी कोण जाणे, पण कापडी पिशवी. मी शेजारी बसले. मी तिच्याकडे बघितलं की ती रस्त्याकडे बघायची, ती बघायला लागली की मी. इतक्या वर्षांचं बोलणं साचलेलं आणि दोघी परक्या बायकांसारख्या पिशव्यांचे बंद चाळवत बसलो. मला वाटलं, संपलं. उशीर झाला. आता बसच्या वेळेपर्यंत हेच.

मग ती म्हणाली, "तोंड बघून नाही जमत. तू तिकडे तोंड कर." मी तिच्याकडे पाठ केली, तिने माझ्याकडे केली. टेकून बसलो. जरा वेळाने मागून आवाज आला, "बाल्डी, कॅसल बोलतेय." आणि लॉर्ना, ती तीच होती. तोच आवाज. मी हमसून हमसून रडले, तिने मला रडू दिलं. नंतर नील्सचं सांगितलं, तिने तिच्या गेलेल्या मुलीचं. मग तू भाषणात अडखळलीस ना, डोळ्यांवर उजेड आला म्हणून? तो तिचा आरसा. म्हणाली, बघू या ही पडदा ओढते का. तू हाताने डोळे झाकलेस, पण बोलत राहिलीस. आणि पडदा तर तू आधीच काढून टाकला होतास, ते आम्ही दोघींनी पाहिलं होतं.

माफ केलं का, ते मी विचारलं नाही. निघताना तिने मिठी मारली नाही. फक्त माझा फोन नंबर नातवाला लिहून घ्यायला लावला.

मी परत आले. घर तसंच आहे, धुकं तसंच. सात दिवस काही नाही. मी स्वतःला समजावलं, एवढं मिळालं हेही खूप झालं.

काल संध्याकाळी फोन वाजला.

"कॅसल बोलतेय. काय दिसतंय?"

मी खिडकीशी जाऊन पाहिलं. रस्त्यापलीकडचं घरसुद्धा दिसत नव्हतं.

"काही नाही," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला नाही.

हल्डा आत्या